रस्त्याखालचा बांबू

७ जुलै
आमच्याच गल्लीची तपासणी माझ्या वाट्याला! अख्ख्या लालबाग-परळात पालिकेतल्या आमच्या साहेबांना माझ्यासाठी हीच सापडली. परदेशी कंपनीने मे महिन्यात डिलाईल रोडच्या आमच्या गल्लीत काँक्रीट ओतलंय. मी गोल भोक पाडून आतला नमुना काढायचा आणि रस्ता पास की नापास ते लिहायचं. चाळीत बातमी एवढीच — गुणाजीची मेघना भोकं पाडायच्या नोकरीला आहे.

८ जुलै
कंपनीचे इंजिनीअर ओर्हानसाहेब, तुर्कस्तानचे. मराठी एकच शब्द शिकलेत — चालेल. चहात साखर जास्त? चालेल. कावळ्याने हेल्मेट घाण केलं? चालेल.

१० जुलै
बाबा जेवताना भलतेच गोड बोलत होते. असं गोड गणपती मंडळाचे अध्यक्ष बोलतात, बाप नव्हे. बाबा दोन्ही आहेत.
"गो, तू भोकां पाडतंसच मां? मग आमच्या मंडपाच्या खांबांच्या जागेर पाड. आमी खड्डो केलो तर मंडळाक दंड. तुका कोण विचारतलो?"
मी नाही म्हटलं. आई म्हणाली, "बापाशीसाठी चार भोकां पाडलंस तर काय बिघडतला?"

११ जुलै
बाबांचा अबोला.

१४ जुलै
भोकांच्या जागा मीच निवडायच्या, कुणाला न सांगता. निवडल्या. त्यातली एक नेमकी मंडपाच्या पुढच्या खांबावर आली. शप्पथ, योगायोग! बरं, अर्धा योगायोग.

१५ जुलै
मशीन फिरलं, नमुना वर आला. काँक्रीट झकास. आणि त्याच्या बुडाशी — बांबूचा तुकडा! हिरवे-पिवळे पट्टे. आमच्याच मंडळाचा. पट्टे बाबा स्वतः रंगवतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. विसर्जनानंतर बांबू उपटायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून रस्त्याच्या पातळीला करवतीने कापतात आणि वर माती लोटतात.
पण कंपनीचे कागद सांगतात, जुना रस्ता दोन फूट खणून काढला. मग जेमतेम दीड फूट पुरलेला गेल्या वर्षीचा बांबू अजून तिथे कसा? खणलंच नाही. नुसतं वरून ओतलं. हा रस्ता खचणार.
खणायचं काम ओर्हानसाहेबांनी इथल्याच एका ठेकेदारावर विश्वासाने सोपवलं होतं. ते बांबूकडे बघत बसले. चालेल म्हणाले नाहीत. मला त्यांचं वाईट वाटलं.

१८ जुलै
कंपनीचं मुख्य ऑफिस म्हणतं, बांबू कुणाचा आणि कधीचा ते मंडळाने लेखी द्यावं, नाहीतर आक्षेप मागे घ्या. लेखी दिलं की रस्ता खोदल्याची कबुली, म्हणजे यंदाच्या मंडपाची परवानगी गेली.
बाबांना विचारलं. "आमचो? असले पट्टे कोणय मारता."
तोंडावर खोटं! इतकी वर्षं बाबांची भीती वाटायची. आज लाज वाटली. मोरीत जाऊन रडले.

२२ जुलै
ओर्हानसाहेब बांबू घेऊन थेट घरी. बाबांनी आंबोळ्या खाऊ घातल्या. पाहुणा तो पाहुणा. साहेबांनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाले. मी बाबांना मराठीत सांगितलं — एवढे सरळ पट्टे मशीनलाही जमत नाहीत, कुठल्या कारागिराचे?
"माझे," बाबा म्हणाले.
आईने साहेबांना आणखी एक आंबोळी वाढली.

२३ जुलै
बाबांनी लिहून दिलं. रस्ता नापास. पावसाळ्यानंतर पुन्हा खणणार. मंडप नाही. बाबा दिवसभर गॅलरीत बसून होते. मी शेजारी जाऊन बसले. उठ म्हणाले नाहीत.

२७ जुलै
मंडळाचा गणपती यंदा आमच्या खोलीत! मूर्तीची ऑर्डर आधीच गेलेली, आठ फुटांची. ओर्हानसाहेब टेप घेऊन मोजायला आले. म्हणाले, माळा काढला तर चालेल.
त्या माळ्यावर मी झोपते.