पहिल्या सत्राचा बर्फ

ग्रानसेले,
२ ऑक्टोबर १९८३

चि. वाल्बोर्ग हिस,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. माझी प्रकृती उत्तम आहे. तू पाठविलेले लोकरीचे मोजे पोहोचले. उजवा डाव्यापेक्षा बोटभर लांब आहे, तरीही वापरतो.

आपले गाव यंदा प्रथमच आइस हॉकीच्या वरच्या लीगमध्ये खेळत आहे, हे तुला तिकडे दक्षिणेत कळलेच असेल. देशातील दहा संघ, छत्तीस सामने, आणि त्यांत साडेतीन हजार वस्तीचे ग्रानसेले! जो शेवटचा येईल तो खाली जाईल. वर्तमानपत्रांनी आमचे नाव आताच तळाशी छापून ठेवले आहे. क्रीडागृहात कॉफी विकणारी गुनहिल्ड तो कागद सॉसेज गुंडाळण्यासाठी वापरते आणि गिऱ्हाइकाला सांगते की वाचून झाल्यावर तोंड पुसून टाका.

ऑगस्टमध्ये मी अकरा दिवस बर्फ घातला. गरम पाण्याचा कागदाएवढा थर द्यावा, तो गोठला की दुसरा, असे साठ थर. गार पाणी एकदम ओतल्यास आत हवा राहते व बर्फ मऊ पडतो. नवा प्रशिक्षक रोलांड म्हणाला की आजोबा, एवढे लाड कशाला, यंत्र आहे ना. मी त्यास सांगितले की यंत्र पाणी पसरते, बर्फ मी घालतो. आणि तो दोन्ही संघांसाठी सारखाच घालतो. गृहस्थ वाईट नाही, मात्र इकडचा नाही. त्याने एल्क हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात सराव ठेवला. सकाळी सात वाजता रिंगणात तो आणि मी, दोघेच. गोलरक्षकासह सारा संघ जंगलात! दुपारी कर्णधार इवार नोर्डेल येऊन रोलांडच्या हाती मांसाचा मोठा तुकडा ठेवून गेला आणि म्हणाला की साहेब, हा तुमचा वाटा, रागावू नका.

हा इवार छत्तीस वर्षांचा आहे. क्लबचा पगार मिळतो, तरी दुपारपर्यंत लाकूडकारखान्यात उभा राहतो. धक्का बसल्यावाचून पडताना त्याला मी अठरा वर्षांत पाहिलेले नाही.

थंडीने आपला लोभ आखडू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
अल्गोत रिसबर्ग

हाम्नविक,
२० नोव्हेंबर १९८३

ती. दादास,

वाल्बोर्गचा सा. न. वि. वि. मोज्याबद्दल वाचले. तुझा उजवा पायच बोटभर आखूड असेल. आई तसे म्हणत असे.

तुमचा संघ येथे येऊन सात-एक असा हरून गेला. मी आमच्या हाम्नविकच्या लोकांत ग्रानसेलेची टोपी घालून उभी होते. शेजारचा कोळी म्हणाला की वाल्बोर्गबाई, टोपी काढा नाहीतर आठवा गोल तुमच्यावर मारतील. दादा, आमची पोरे फार वेगवान आहेत, त्याला तुम्ही काय करणार?

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. सामना संपला, लोक पांगले, आणि तुझा इवार भुवईवर चार टाके घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. हातात तू दिलेली क्लाउडबेरीच्या मुरंब्याची बरणी! मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला की काकांनी सांगितले आहे, बरणी रिकामी झाली की परत पाठवा. मी विचारले की बाबा, दुखते का. तर म्हणाला की भुवई नाही दुखत काकू, पाय दुखतात, तुमच्या इथला बर्फ म्हणजे लापशी आहे. आमच्याकडे कडक बर्फावर हॉकीची चकती गाते म्हणाला. सात गोल खाऊन आलेला माणूस, आणि मुरंबा विसरला नाही! मी रात्री प्रार्थनेत त्याचे नाव घेतले. आमच्या संघाचे घेतले नाही.

माया कमी करू नये.

तुझी,
वाल्बोर्ग

ग्रानसेले,
१२ फेब्रुवारी १९८४

चि. वाल्बोर्ग हिस आशीर्वाद. वि. वि.

बरणी पोहोचली. आमची स्थिती अशी आहे की आम्ही तळापासून एका गुणाने वर आहोत. आता तीन आठवडे लीग बंद, मग एकच शेवटचा सामना ४ मार्चला, येथेच, तुमच्या हाम्नविकशी. गोलांचा फरक आमच्या बाजूने आहे, म्हणून बरोबरी झाली तरी राहू. हरलो तर बहुधा खाली जाऊ.

जानेवारीत इवार मोडलेल्या बोटाने नऊ सामने खेळला. डॉक्टरांनी हात बांधला, त्याने तो काठीसकट बांधून घेतला. कारखान्यात त्याच हाताने फळ्या उचलताना त्याला मुकादमाने पाहिले व तो घरी जा म्हणून ओरडला. इवार म्हणाला की घरी बायको भांडी घासायला लावते, त्यापेक्षा इथे बरा. अशा माणसाकडे पाहताना आपण ताठ बसतो.

आता एक गोष्ट तुलाच लिहितो. काल रोलांड यंत्रघरात आला. टोपी काढून बसला. म्हणाला की आजोबा, हाम्नविकची पोरे वाऱ्यासारखी धावतात, त्या दिवशी बर्फ जरा मऊ ठेवाल का, कोणाला कळणार नाही. मी उठून दार उघडले आणि त्यास सांगितले की बाहेर उणे तीस आहे, तिथे उभे राहून डोके थंड करावे. तीस वर्षांत माझ्या बर्फाने कोणाची बाजू घेतलेली नाही. तो उठला आणि म्हणाला की चुकलो. पुन्हा विषय काढला नाही.

कळावे, स्नेह वाढत राहो.

तुझा,
अल्गोत

हाम्नविक,
१९ फेब्रुवारी १९८४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. तुझ्या ताठपणाला मी आयुष्यभर हसत आले, दादा. या वेळी हसले नाही. चर्चच्या कॉफीच्या वेळी मी सर्वांना सांगून टाकले. प्रशिक्षकाचे नाव घेतले नाही, एवढेच. पाद्रीबाई म्हणाल्या की असा माणूस आपल्या चर्चच्या परिषदेत हवा. तो कोळी म्हणाला की असा माणूस घरात असेल तर मात्र कठीण. मी म्हटले की खरे आहे, मी त्याच्यासोबत वाढले आहे.

४ तारखेला रेडिओजवळ बसेन. कोण जिंकावे असे वाटते ते विचारू नकोस.

आठवण ठेवावी.

तुझी,
वाल्बोर्ग

ग्रानसेले,
५ मार्च १९८४

चि. वाल्बोर्ग हिस आशीर्वाद.

तीन-चार असे हरलो. खाली गेलो. तुमच्या संघाचे अभिनंदन. इकडे थंडी आहे. अधिक लिहिण्यासारखे नाही.

अल्गोत

हाम्नविक,
११ मार्च १९८४

ती. दादास सा. न. वि. वि.

पाच ओळींचे पत्र तू मला सैन्यात असतानाही लिहिले नव्हतेस. तुला बरे नाही काय?

आमची पोरे परत आली. कोळ्याचा पुतण्या संघात आहे. तो सांगत होता की पहिल्या सत्रात बर्फ चिखलासारखा होता, ग्रानसेलेचे लोक आमच्यापेक्षा जास्त घसरत होते. आणि तिसऱ्या सत्रात असा बर्फ की त्याने जन्मात पाहिला नाही. यंत्र बिघडले होते काय? वर्तमानपत्रात इवारने म्हटले आहे की पहिल्या सत्रातील तीन गोल माझ्यामुळे झाले, मी पोरांना नीट तयार करून उतरवले नाही. हे काही मला पटत नाही. मी त्याला ओळखते, बरणीसकट.

खरे काय ते लिही. न लिहिलेस तर मी आगगाडीने येईन आणि महिनाभर राहीन. ही धमकीच समज.

तुझी,
वाल्बोर्ग

ग्रानसेले,
१८ मार्च १९८४

चि. वाल्बोर्ग हिस आशीर्वाद. वि. वि.

यंत्र बिघडले नव्हते. मी बिघडलो होतो.

४ तारखेस दुपारी मी रिंगणाजवळ एकटा होतो. बाहेर लोक येऊ लागले होते, जंगलातल्या झोपड्यांतून, नदीपलीकडून, स्लेजवर म्हाताऱ्या माणसांना बसवून. गुनहिल्डने दुप्पट कॉफी चढविली होती. हे सर्व उद्या संपेल, असे माझ्या मनात आले. रोलांड आला नव्हता. कोणीही काही सांगितले नव्हते. मी आपल्या हाताने शीतयंत्राचे तापमान तीन अंशांनी वर चढविले, आणि सामन्यापूर्वी गार पाण्याचा जाड थर दिला.

वाटले की तुमच्या वेगवान पोरांचे पाय रुततील. एक गोष्ट विसरलो. आमची पोरे चालू लागल्यापासून माझ्याच बर्फावर उभी राहिली आहेत. दुसरा बर्फ त्यांना येतच नाही. पाचव्या मिनिटाला इवार पडला. त्याला कोणी शिवलेही नव्हते. पहिले सत्र संपले तेव्हा शून्य-तीन.

मध्यंतरात तो स्केट्स घालूनच यंत्रघरात आला. मला वाटले, ओरडेल. त्याने माझे मनगट धरून नाडी पाहिली. म्हणाला की अल्गोतकाका, बरं वाटत नाहीये का, बसा, मी डॉक्टरांना बोलावतो. वाल्बोर्ग, बर्फ बिघडला म्हणजे मी मरावयास टेकलो असणार, याखेरीज दुसरे कारण त्याला सुचलेच नाही! होय म्हणून सुटता आले असते. मी खरे सांगितले.

त्याने माझे मनगट सोडले आणि वाकून स्केटचे बंद आवळले. मग विचारले की नीट व्हायला किती वेळ लागेल. मी म्हटले की दोन्ही टोकांचे मोठे दरवाजे उघडले तर तिसऱ्या सत्रापर्यंत. तो म्हणाला की मग उघडा, लोकांना कोटाची बटणे लावायला मी सांगतो.

बाहेर उणे चोवीस होते. तीन हजार माणसे आपल्याच क्रीडागृहात कुडकुडत बसली आणि पाय आपटत गात राहिली. मी गरम पाण्याचे पातळ थर दिले, दोन्ही मध्यंतरांत. दुसऱ्या सत्रात आमचा एक गोल झाला. तिसऱ्यात चकती गाऊ लागली. तीन-तीन! चार मिनिटे उरली होती. तेवढी निभावली असती तर आम्ही राहिलो असतो. शेवटच्या मिनिटात तुमच्या पोराने गोल केला. स्वच्छ गोल होता, चांगल्या बर्फावर केलेला. त्याला नावे ठेवता येत नाहीत.

आणि वर्तमानपत्रात इवारने माझे पाप आपल्या नावावर घेतले. मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला की काका, माझी कारकीर्द संपतच आली आहे, तिला डाग पडला तरी काय बिघडते, तुमचा बर्फ मात्र राहिला पाहिजे. मी कॉफी न पिताच परत आलो.

तू चर्चमध्ये जे सांगितलेस ते आठवते, आणि झोप लागत नाही.

अल्गोत

हाम्नविक,
२५ मार्च १९८४

ती. दादास सा. न. वि. वि.

मी येथे तुझ्याविषयी जे बोलले ते मागे घेणार नाही, आणि दुसरे काही सांगणारही नाही. ते काम माझे नव्हे.

तुझ्यावर रागावले आहे. आई असती तर तुला विचारले असते की तुझे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर किती दिवस ठेवणार आहेस. मेमध्ये क्लबची वार्षिक सभा असते ना? तिला जा. धुतलेला शर्ट घाल.

मोज्यांचा नवा जोड पाठवीत आहे. दोन्ही सारखे आहेत, मोजून पाहिले.

तुझ्यावर पूर्वीइतकीच माया असलेली,
वाल्बोर्ग

ग्रानसेले,
२१ मे १९८४

चि. वाल्बोर्ग हिस अल्गोतचे आशीर्वाद. वि. वि.

वार्षिक सभा काल शाळेच्या जेवणघरात झाली. हजर एकशे चाळीस. कॉफी, सात प्रकारची बिस्किटे. अध्यक्षस्थानी पोस्टमास्तर. विषय चौदावा, इतर बाबी. मी धुतलेला शर्ट घालून उभा राहिलो, क्रीडागृहाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सर्व सांगितले. इवारने वर्तमानपत्रात सांगितले ते खरे नव्हे, हेही सांगितले.

मग रोलांड उठला आणि म्हणाला की फेब्रुवारीत मीच त्यांना हे सुचवले होते. मी त्यास म्हटले की आपण बसावे, आपण विचारले आणि मी नाही म्हटले, तो हिशेब तिथेच संपला. केले ते मी केले. मागून कारखान्याचा मुकादम म्हणाला की पहिल्यापासून नीट बर्फ असता तर आज आपण वर असतो. मी म्हटले की होय, असतो. त्यावर गुनहिल्ड उठली. म्हणाली की म्हणजे त्या दिवशी माझे पाय गारठले ते तुझ्यामुळे होय रे अल्गोत? मी होय म्हटले. ती म्हणाली की मग जाताना माझी किटली उचलून दे, आणि आता बस खाली, कॉफी निवतेय.

मग इवार उभा राहिला. त्याला भाषण येत नाही. म्हणाला की इतिवृत्तात लिहून घ्या, ४ मार्च रोजी पहिल्या सत्राचा बर्फ वाईट होता, दुसऱ्याचा बरा होता, आणि तिसऱ्याचा असा होता की तसा देशात कोठेही नाही. आणि तिन्ही एकाच माणसाने घातले. पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये मी खेळणार आहे, तिसऱ्यासारखाच हवा. पोस्टमास्तरांनी लाकडी हातोडी आपटली, किल्ल्या हा विषयपत्रिकेवरील विषय नाही, त्या उचलाव्यात, असे मला बजावले, आणि ठराव मतास टाकला.

मी टेबलाकडे पाहत होतो. बाजूने किती हात वर झाले ते मी मोजले नाही, चिटणिसाने मोजले. विरोधात कोण, असे विचारल्यावर एक हात वर झाला.

इतिवृत्तात तशीच नोंद आहे. ठराव एकशे एकोणचाळीस विरुद्ध एक मताने संमत. विरोध करणाऱ्याचे नाव अल्गोत रिसबर्ग.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी पाणी तापवावयास घेईन. त्या वेळी यावेस. आगगाडीचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. महिनाभर राहिलीस तरी हरकत नाही.

तुझाच,
अल्गोत रिसबर्ग