छताखालच्या झडपा

गुरुजी,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आधी मी कुठं आहे ते सांगतो. वीस वर्षं दुबईत एसी दुरुस्त केले, गेल्या वर्षी घरी परतलो आणि रोह्याजवळच्या नव्या लॉ कॉलेजात देखभालीच्या कामाला लागलो. गंमत अशी की या इमारतीत एसीच नाहीत. जांभ्याच्या जाड भिंती, गच्चीवर सोलर, पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाकी. लायब्ररीत दिवसा दिवा लावावा लागत नाही. मुलांना वकिलीचा सराव करायला कोर्टसुद्धा आहे, न्यायाधीशाच्या उंच खुर्चीसकट. झाडलोट करणाऱ्या मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दुबईवाले, मशीन एक नाय, मग तुमी मेकॅनिक कशाचे?"

"येतील मावशी," मी म्हटलं. मला ते यायला हवेच होते. एसी बसले तर तुमची जागा कायम करू, असं प्रिन्सिपल मॅडम बोलल्या होत्या.

एप्रिलात त्या कोर्टात मुलांच्या लुटुपुटूच्या खटल्याची तालीम झाली. काळे कोट घामानं भिजले. आरोपी झालेला मुलगा हात जोडून म्हणाला, "साहेब, गुन्हा कबूल, पण बाहेर सोडा!" सगळे हसले, मॅडम सोडून. "किती एसी लागतील ते उद्या सांगा," त्या मला म्हणाल्या.

दुपारची नमाज पढून मी मापं घ्यायला कोर्टात शिडीवर चढलो. छताखाली लाकडी झडपांची रांग आहे. सगळ्यांवर चंदेरी टेप. माझीच. फट दिसली की बुजवायची, या दुबईच्या सवयीनं रुजू झालो त्याच आठवड्यात मी ती लावली होती.

आणि शिडीवरच तुमचा वर्ग समोर आला. मी चौथीत आहे. खाडीकडच्या खिडक्या उघडून जागेवर बसतो, तर तुम्ही कान धरून मागच्या भिंतीकडे नेता. "आत आलेला वारा जाणार कुठून, तुझ्या खिशातून? त्याला जायला वाट दे, मग बघ कसा येतो." मी मागच्या खिडक्या उघडतो आणि भिंतीवरचा नकाशा फडफडायला लागतो. शुक्रवारी मला जुम्म्याच्या नमाजाला सोडतानाही तुम्ही त्या खिडक्यांची आठवण करून द्यायचात.

टेप तशीच ठेवली असती तर सहा एसी नक्की होते, आणि माझी जागाही. कुणाला काही कळलं नसतं. पण अल्लाला आणि तुम्हांला एकाच दुपारी तोंड द्यायची माझी तयारी नव्हती. टेप ओढून काढली, झडपा उघडल्या. थोड्या वेळानं खालच्या टेबलावरचे कागद उडाले आणि मावशी ओरडल्या, "अवो, आत्ता झाडलंय मी!"

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत आरोपीनं गुन्हा साफ नाकबूल केला. मी मॅडमना सांगितलं, एसी नकोत. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "मग हे सगळं बघायला कायमचा माणूस तर लागेलच." तो आता मी आहे.

मग त्यांनी सहज विचारलं, "झडपा बंद कुणी केल्या होत्या हो?" मी म्हणालो, कबुतरांमुळं केल्या असतील कुणीतरी.

या इमारतीत कबुतर एकही नाही, गुरुजी. हे पत्र खरं तर मॅडमच्या टेबलावर असायला हवं. दोनदा केबिनच्या दारापर्यंत जाऊन आलो. सध्या ते माझ्या पान्यांच्या पेटीत, तळाशी आहे.