टेपमधलं आभाळ

प्रिय ताई,

गुडघा गेला, स्केटबोर्डिंग सुटलं, मग मी बोर्ड बनवायचा कारखाना काढला. आता त्या जुन्या दिवसांवर माहितीपट करतेय.

मी पडले त्या दिवसाची तुझी टेप आज पहिल्यांदाच पाहिली. मी विव्हळत असताना तू शूटिंगच करत राहिलीस, असं समजून इतकी वर्षं अबोला धरला होता. पण टेपमध्ये मी पडते आणि लगेच कॅमेराही जमिनीवर पडतो. पुढे नुसतं आभाळ. ढग इतके संथ सरकतात, जणू आपण दोघी त्यांच्याखाली निजलोय. आणि तुझा आवाज, "मने, डोळे मिटू नकोस गं. मी आहे ना."

संकलक म्हणाला, "हे कापू या. काहीच दिसत नाही."

"सिनेमा इथूनच सुरू होईल," मी म्हणाले.

हे पत्र टाकत नाही. संध्याकाळी मीच येतेय. दार उघडशील ना?

तुझीच,
मनी