दारं तूच धर

अधिकराव,

चिरंजीव लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

काल उंब्रजच्या सभेत ‘आदर्श ऊस शेतकरी’ म्हणून शाल तू घेतलीस. बावीस वर्षं तू मिलिटरीत काढलीस, मग विश्रामबागेत बंगला बांधलास. इकडे सातवीत शाळा सुटल्यापासून उसाला पाणी मी पाजतो. पाहुण्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “हे कोण?” तू म्हणालास, “आमचं थोरलं. घरीच असत्यात.”

घरीच? मग सांग गड्या, आपल्या रानात कुठल्या सरीला पाणी उशिरा पोचतं?

उद्या नऊ वाजता लाईट येणार आहे. मोटार चालू कर, फावडं घे, चिखलात उतरून सरीसरीला पाणी वळवत दारं तूच धर. मी रानात पाऊल टाकणार नाही.

तू येणार नाहीस, हे मला माहीत आहे. खालच्या सऱ्या आताच सुकायला लागल्यात, त्या काळजीनं जेवण गेलं नाही. हे पत्र पाठवलं तर मला शब्द पाळावा लागेल, आणि उसाला आपली भाऊबंदकी काय कळते? म्हणून पाठवत नाही.

नाइलाजानं तुझा थोरला,
जोतीराम