जांभळा ठिपका

१४ मार्च
शिट्टीवाले सर आले! शाळेत खेळ शिकवतात, दुकानातही मैदानावर असल्यासारखे बोलतात. हातात तोच गेमचा कन्सोल. चार वर्षांपूर्वी आम्ही दुरुस्त करून दिलेला आणि दोन दिवसांत बंद पडलेला. "गुडघ्याचं ऑपरेशन आहे. महिनाभर घरात बसायचंय. करा काहीतरी!"

याच यंत्रावरून दादाचे नि माझे वाजले होते. सरांसमोरच मी त्याला नाही नाही ते बोलले — "तुझ्या धांदरटपणामुळे दुकानाचं नाव जातंय!" त्याने झाकण उघडून आत पाहिले, पुन्हा लावले, म्हणाला, "चुकलो." सर रागाने यंत्र घेऊन गेले. आठवड्याने दादाही गेला, दुसरीकडे नोकरीला. तेव्हापासून अबोला. आठवण येते त्याची, फार येते. पण पहिला फोन त्याने करावा. त्या आठवड्यात बोर्डांची कामे त्याच्याकडे होती, म्हणजे चूक त्याचीच!

१५ मार्च
बटण दाबले — टुक्, निळा दिवा, लगेच अंधार. पॉवर सप्लाय दुसऱ्या यंत्राला लावून पाहिला; ठणठणीत. म्हणजे दुखणे मदरबोर्डाचे. बारा व्होल्टच्या लाइनवर मीटर टेकवला तर सलग पीऽऽऽ! शॉर्ट आहे कुठेतरी. आई आतून ओरडली, "त्याचं रडणं थांबव आधी!"

१६ मार्च
काही सापडले नाही. धूळ झाडली, शिंकले. संपला दिवस.

१७ मार्च
शेवटी दादाचीच युक्ती. बोर्डावर स्पिरिट पसरायचे, लाइनमध्ये जेमतेम एक व्होल्ट सोडायचा आणि बघत बसायचे. जिथे तापून आधी वाळेल तिथे चोर! वाळले. चिपच्या दोन पायांत मोहरीपेक्षा बारीक, सोल्डरचा म्हणजे जोडणीच्या वितळलेल्या कथलाचा मणी अडकलेला. चिमट्याने उचलला — यंत्र चालू! एकटीच नाचले.

मग नेलपॉलिश काढले. दुकानाचा नियमच आहे: जो बोर्डाचे काम करेल, त्याने शेवटी कोपऱ्यात ठिपका द्यायचा. दादाचा लाल, माझा जांभळा.

कोपऱ्यात जुना ठिपका होताच. जांभळा.

म्हणजे त्या आठवड्यात हा एक बोर्ड मीच केला होता आणि साफ विसरले. मणी माझा. आणि चार वर्षे मी त्याच्या नावाने खडे फोडतेय! जेवण गेले नाही.

१८ मार्च
फोन केला. "दादा, ते सरांचं यंत्र—" एवढेच म्हणाले, तर हसायलाच लागला. "जांभळा ठिपका ना? झाकण उघडलं तेव्हाच दिसला होता गं. गिऱ्हाईकासमोर तुझी लाज काढणार होतो का मी?"