कोहळ्याच्या रंगाची सीट

बाबा, तुमची ती सीट परत आली. कोणती म्हणून विचारू नका, तुम्हाला चांगली ठाऊक आहे. अमरावतीच्या वकीलसाहेबांची. गेल्या आठवड्यात एका दुपारी दुकानापुढे ती जुनी पांढरी गाडी थांबली, मी दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. अव माय! एवढ्या वर्षांत चामड्याला भेगा पडल्या, कडा झिजून उघड्या पडल्या, पण तुमचा रंग काही विटला नाही. बाकी सगळ्या सीटा बिस्किटी आणि त्यांच्यात हे एक पिकलेलं केशरी कोहळं.

तो दिवस मला अजून दिसतो. एप्रिल महिना, अकोल्याचं ऊन. उन्हात रंग लावला तर लावता लावताच वाळून चिरतो, म्हणून तुम्ही दुकानापुढे नवंकोरं निळं तिरपाल बांधलं आहे आणि गाडी त्याच्याखाली घेतली आहे. मी नुकतीच तुमच्या हाताखाली शिकायला लागले आहे. 'पोट्टी गाडीत घुसून काय करून राहिली?' असं कुणी विचारलं की तुम्ही 'काम' एवढंच उत्तर देता. बाकीच्या बिस्किटी सीटांशी जुळावा म्हणून तुम्ही वाटीत रंग कालवता, झिजलेल्या ड्रायव्हरच्या सीटवर बोटभर लावून पाहता, मान हलवता. आणखी थोडा लाल, आणखी थोडा पिवळा. तिरपालाच्या निळ्या उजेडात तो फिकाच दिसत होता ना! शेवटी तुमच्या मनासारखा जमला, सीटवर चढला, वाळला. वकीलसाहेब आले, गाडी तिरपालाखालून मागे घेतली, आणि उन्हात आल्याबरोबर आपण दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो.

"साहेब, गाडी आज राहू द्या. उद्या नेजा. म्या पुन्हा करून देतो," तुमचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"उद्या माझी तारीख आहे, मिस्त्री." साहेब सीटवर बसले, हात फिरवला आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. "असू द्या हो. कोर्टातून डोकं उठून आलं की हिच्याकडे पाहून बरं वाटेल."

घरी जायच्या आधीच गल्लीतून बातमी आईपर्यंत पोचली होती. तिने मुद्दाम कोहळ्याची भाजी केली. तुम्ही ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काहून वं, बजारात दुसरं काई भेटलं नाई?"

"रंग पसंत नाई का?" आई म्हणाली, आणि तुम्ही न जेवता उठलात. एवढा राग धरायचा असतो का? दुसऱ्या दिवशी सकाळीच ते नवं तिरपाल तुम्ही शेजारच्याला चाऱ्यावर झाकायला देऊन टाकलं आणि मला पुढ्यात बसवून सांगितलं, "रंग सावलीत लावाचा, पण पाह्याचा उनात. वाटी घेऊन भाईर जायाचं. उनात जायाचा कटाया करशीन तर गाडीले हात लावू नोको."

पुढे अमरावतीला जाणाऱ्या ज्याच्या-त्याच्याजवळ तुम्ही निरोप दिलात, गाडी पाठवा म्हणून. साहेब दर वेळी हसून टाळायचे. दवाखान्यात तुमचं बोलणं तुटायला लागलं होतं, मी कान तोंडाजवळ नेला, तर काय म्हणालात? "थे सीट राहूनच गेली." आईसाठी शब्द नाही, माझ्यासाठी नाही, सीट! तेव्हा मला फार राग आला होता. आता येत नाही.

साहेबही गेले, बाबा. गाडी त्यांच्या मुलीने आणली. ती कॉलेजात शिकवते, आता गाडी तीच चालवणार आहे. म्हणाली, "ताई, सगळ्या सीटा नीट करून द्या. फक्त ह्या ड्रायव्हरच्या सीटचं मला काही सुचत नाही. बाबा तिला कुणाला हात लावू देत नव्हते. रोज बसताना हसायचे."

मलाही सुचेना. तुमच्या हातचं आता उरलंय काय? तुम्ही केलेल्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. ही एक सीट राहिली, तीसुद्धा चुकलेली. तिच्यावर रंग चढवला तर तुमचा हात झाकला जातो, नाही चढवला तर तुमचं काम तसंच राहतं. मागच्या सीटा होईपर्यंत मी पुढे नीट पाहिलंच नाही. मग तिला फोन करून तुमचं दवाखान्यातलं बोलणं सांगितलं.

"मग करा ताई," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी पुष्कळ हसून घेतलं. आता तुमच्या बाबांचं काम होऊ द्या."

केलं, बाबा. तुमची शिवण तशीच ठेवली. चामडं पुसताना फडकं केशरी झालं, ते धुवायची काही माझी हिंमत झाली नाही. भेगा भरल्या, पॉलिशपेपर फिरवला, आणि रंगाची वाटी घेऊन इतक्यांदा उन्हात गेले की शेजारचा गॅरेजवाला ओरडला, "ताई, चक्कर येऊन पडशीन!" पण रंग असा जुळला की आता कोणती सीट कोणती, ते तुम्हालाही सांगता येणार नाही. साहेबांची मुलगी गाडी न्यायला आली, सीटवर बसली, हात फिरवत राहिली. "छान झालं," म्हणाली. हसली मात्र नाही. मीही दुसरीकडेच पाहत होते.

एक सांगायचं राहिलं. काल मी निळं तिरपाल विकत आणलं आणि मागच्या अंगणात बांधलं. दुकानातल्या तुमच्या स्टुलाचं चामडं सोडवून घेतलं आणि तिरपालाखाली बसून रंग कालवायला लागले. जमेचना! हात आपोआप वाटी उचलतात आणि पाय उन्हाकडे निघतात, तुम्हीच लावलेली सवय. शेवटी आईला म्हटलं, समोर बस आणि मले उठू देऊ नोको. "येडी झाली का वं?" म्हणाली, पण बसली. रंग बसल्यावर चामडं दोघींनी उन्हात नेऊन पाहिलं. तेच कोहळं. आई हसता हसता पदर डोळ्यांना लावून आत गेली.

चामडं आता सावलीत वाळतंय. वाळलं की ते पुन्हा स्टुलावर चढवते, हा लिहिलेला कागद त्याच्याखाली घालते आणि खिळे ठोकते. तुम्ही असता तर वाटी फेकून मारली असती. रंग चुकलाय, बाबा. मुद्दाम चुकवला.