पक्षी मोजायला मी एकटा पुरेसा

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६
आजपासून रोजनिशी. अठरा वर्षं फौजेत काढली, शिस्त रक्तात आहे. (डायरी गेल्या वर्षीची. वार खोडून वापरायचे.)
१९ तारखेला आपल्या तलावावर हिवाळी पक्षीगणना आहे. प्रमुख आमची क्रांती. दिवाळीत तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी त्यांच्यासमोर बोललो की पाखरं मोजून पोट भरत नाही. स्थळ गेलं. तेव्हापासून शिरवळच्या कंपनीला सुट्टी लागली की ती थेट मलकापूरला, आत्याकडे. माझा फोन उचलत नाही. मला काही फरक पडत नाही.
गणनेत नाव नोंदवलं. केवळ गावाच्या अब्रूसाठी.

३ जानेवारी
पक्ष्यांचं पुस्तक आणलं. रोज वीस पाठ करायचे. पंधरा दिवसांत तीनशे. क्रांती तोंडात बोट घालेल.
क्रांतीची आई रंगू म्हणाली, आवं, एवढा कुटाणा करण्यापरीस पोरीला सरळ ‘चुकलो’ म्हना की. बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

७ जानेवारी
पाठ झाले: चिमणी, कावळा, बगळा. पुढच्या पानावर बगळ्याचेच पाच प्रकार निघाले. हे पुस्तकवाले मुद्दाम गुंतागुंत करतात.
शिवाय वेळ कुठाय? शाळू दाण्यात आलाय आणि भोरड्यांचा थवा रोज उतरतोय. दिवसभर माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतोय. नेम अजून फौजेतलाच आहे.

१२ जानेवारी, रविवार
तलावावर रंगीत तालीम. तासाभरात ६४ बगळे. बिरदेव मेंढरांना पाणी पाजायला आला होता. म्हणाला, दादा, बगळं सातच हायत, तीच उडून पल्याड बसत्यात. बिरदेव रोज तलावावर असतो. रोज बघून नजर मरते माणसाची.

१४ जानेवारी, संक्रांत
क्रांतीचा मेसेज आला! ग्रुपवर, सगळ्यांना. गडद कपडे घाला, मोबाईल सायलेंट, अजिबात आवाज नको. शेवटचं मला उद्देशून असणार. म्हणजे बोलणं सुरू झालं.
उत्तरादाखल अंगठा पाठवला. जास्त गोड होण्यात अर्थ नाही.

१८ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी
एकूण पाठ: अकरा. पुरेसे आहेत.
रंगूने विचारलं, खिशात गोफण कशाला? म्हटलं, सवय. वापरणार नाही. शब्द म्हणजे शब्द.
उद्या गणना फत्ते झाली की क्रांतीला सांगायचं, जेवायला घरी ये. ऑर्डरच्या सुरात. विनंती नाही.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ११
६.४० : क्रांती म्हणाली, आप्पा, तुम्ही माझ्याजवळ बसा. चार शब्द. दिवाळीनंतरचे पहिले. चष्मा उगाच दोनदा पुसला. धुकं होतं.
७.०५ : पलीकडच्या बाभळीवरून भोरड्या उठल्या. अख्खं आभाळ काळं. क्रांती कुजबुजली, आप्पा, वर्षभर ह्याचीच वाट बघतीय मी. ती शंभरशंभरचे गट करून मोजत होती. मी एकएक करून अडतीसपर्यंत आलो होतो, तेवढ्यात थवा वळला. सरळ आमच्या शाळवाकडे.
पुढचं हातांनी केलं. मी केलं नाही.
‘हाऽऽहा’ कोण ओरडलं, याची चौकशी व्हायला हवी. दगड तलावात पडला. भोरड्या गेल्या, बदकं गेली, बगळे गेले. जाताना सातच दिसले. बिरदेवला सांगणार नाही.
क्रांतीने वही मिटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जेवायचं सांगायचं राहिलं.

२० जानेवारी, सोमवार
ग्रुपवर अहवाल आला. भोरड्या: मोजणी अपुरी. अडथळा: स्थानिक शेतकरी, १.
नाव घातलेलं नाही. पोरगी समजूतदार आहे.
दुपारी रंगूने स्वतःच्या फोनवरून क्रांतीला लावला आणि माझ्या कानाला धरला. काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, चुकलो गं. दिवाळीतबी आणि कालबी.
तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, येत्या रविवारी परत मोजायचंय, शनिवारी मुक्कामाला घरी येते.
मला गणनेत घेतलेलं नाही. वर एक अट आहे. त्या दिवशी शाळवाकडे फिरकायचं नाही, भोरड्यांना निवांत उतरू द्यायचं. चार एकर आहे.
हो म्हणालो. गोफण रंगूकडे दिली. पाखरांचं तरी पोट भरेल.